नाईक यशवंत घाडगे : समाधी नसलेला शिपाई



स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मी लगेच होकार दिला. विषयही डोक्यात तयार होता. आपल्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीतला एक जण मराठा पलटणीत भरती झाला आणि २४ वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून घरी आला. शेवटच्या बाकावर बसणारा, कबड्डीत एकदा पाय धरला की न सोडणारा. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी त्याने अटच घातली आहे. पण तुम्ही ओळखालच. त्याच्यावरच लेख करावा म्हणून मी दिवाळीत चारठाण्याला त्याच्या घरी गेलो. चहा झाला, तुरीचा विषय झाला, कापसाच्या भावाचा झाला. मग मी वही काढली. त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि मिटून बाजूला ठेवली.

जे जिवंत परत आले त्यांच्यावर लिहायची काही घाई नाही, असे त्याचे म्हणणे पडले. लिहायचेच असेल तर ज्याला स्वतःची गोष्ट सांगता आली नाही, अशा एखाद्यावर लिहावे. आणि मग त्याने मला विचारले की, मी नोकरीत माणगावला होतो ना, मग घाडग्यांवर का लिहीत नाही?

मित्रहो, मी गप्प झालो. कारण या घाडग्यांशी माझा एक जुना हिशेब बाकी होता. तो आधी सांगतो, म्हणजे हा लेख मी का लिहिला ते कळेल.

बँकेच्या नोकरीत माझी बदली रायगड जिल्ह्यातल्या माणगावला झाली होती. आपल्याकडच्या काळ्या मातीतून आणि कोरड्या उन्हातून उठून मी एकदम कोकणातल्या पावसात जाऊन पडलो. माणगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरचे तालुक्याचे गाव. तिथे तहसील कचेरीसमोर एक पुतळा आहे. मी त्याच्यासमोरून रोज ये-जा करायचो. कुणीतरी स्थानिक पुढारी असतील, एवढीच माझी समजूत. जवळ जाऊन पाटी वाचावी असे बरेच दिवस मला सुचलेही नाही.

माझ्याकडे पेन्शनचे काम होते. नोव्हेंबर आला की हयातीचे दाखले द्यायला म्हाताऱ्या माणसांची रांग लागायची. त्यात माजी सैनिक पुष्कळ, कारण तो सगळा मुलूखच पलटणीचा. त्यांत एक आजोबा होते. काठी टेकत यायचे, अंगठा देऊन दाखला पुरा करायचे आणि जायचे. एकदा मी चहा प्यायला बाहेर पडलो तेव्हा ते मला पुतळ्यासमोर उभे दिसले. काठी त्यांनी डाव्या हातात घेतली, पाठ जमेल तेवढी ताठ केली आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग पुन्हा वाकले आणि स्टँडकडे चालू लागले. मी पुढे होऊन त्यांना विचारले की हे कोण? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की ते मला अजून आठवते. रोज इथून जाणाऱ्या बँकेच्या साहेबाला यशवंतराव घाडगे माहीत नाहीत, याचे त्यांना नवल वाटले होते; रागही आला असावा. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाटी वाचली. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो, विचारत गेलो. पण लिहिले कधीच नाही. तो राहिलेला हिशेब आज पुरा करतो.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. भाताची खाचरे, डोंगरउतारावरची नाचणी-वरी आणि चार महिने धो धो पाऊस, असा तो भाग. शेती पोटापुरती होईल याची खात्री नसायची. त्यामुळे तिथल्या तरुणांपुढे मुख्यतः दोन वाटा असायच्या. एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. घरटी एक माणूस मुंबईत आणि एक फौजेत, अशी वस्ती तिथे गावोगाव भेटते. आपल्याकडे दुष्काळात माणसे जशी ऊसतोडीला किंवा शहराच्या वाटेला लागतात, तसेच ते.

यशवंत घाडग्यांनी पलटणीची वाट धरली. ही पलटण म्हणजे पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे तेव्हाचे नाव. तिच्या सर्वांत जुन्या बटालियनची उभारणी १७६८ मध्ये मुंबईत झाली आणि १९२२ पासून बेळगाव हे तिचे प्रशिक्षण केंद्र आहे. जंगी पलटण म्हणून ती ओळखली जाते. घाडगे तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. फौजेच्या बोलीत तीन-पाच मराठा. ही बटालियन १९४१ मध्ये आफ्रिकेतल्या एरिट्रियामध्ये केरेनच्या डोंगरांत इटालियन फौजेशी लढली होती. आज मराठा पलटणीची जी युद्धगर्जना आहे, छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार, ती त्या आफ्रिकेच्या मोहिमेपासून रूढ झाली असे पलटणीत सांगतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे नाईक म्हटले की आडनाव डोळ्यांसमोर येते. फौजेत नाईक हा हुद्दा आहे. बाहीवर दोन फिती. शिपायाच्या वर लान्स नाईक, त्याच्या वर नाईक आणि मग हवालदार. नाईकाच्या हाताखाली एक सेक्शन असते, म्हणजे साधारण आठ-दहा जवान. फौजेचा हा सगळ्यात लहान संसार. एकत्र जेवायचे, एकत्र खंदक खणायचा, आळीपाळीने पहारा द्यायचा. सेनापतीला हजारो माणसे नकाशावर दिसतात, पण नाईकाला आपली दहा माणसे नावाने, गावाने आणि घरून आलेल्या पत्रांनी माहीत असतात. आपल्या हवालदार मित्राने मला हे समजावून सांगितले, तेव्हा मला वर्गातल्या मॉनिटरची आठवण झाली. तो हसला. फरक एवढाच की या मॉनिटरच्या चुकीला छडी नसते, असे त्याने सांगितले.

यशवंत घाडगे २२ व्या वर्षी अशा एका सेक्शनचे कमांडर होते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या फौजेत सुमारे २५ लाख माणसे होती आणि ती सगळी स्वखुशीने भरती झालेली. यांतले ५० हजारांहून जास्त जवान इटलीत लढले. हिंदी फौजेची चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन डिव्हिजन तिथे होत्या. दोस्त राष्ट्रांचे सैन्य १९४३ च्या सप्टेंबरात इटलीच्या दक्षिण टोकाला उतरले आणि एकेक नदी, एकेक डोंगर ओलांडत उत्तरेकडे सरकू लागले. ४ जून १९४४ ला रोम हाती आले. पण जर्मन फौज मोडली नव्हती. ती शिस्तीने मागे हटत होती आणि हटताना प्रत्येक टेकडीवर मशीनगन मांडून बसत होती. उत्तरेकडच्या डोंगरांत त्यांची पक्की संरक्षक फळी तयार होत होती. तिला वेळ मिळावा म्हणून मधली प्रत्येक टेकडी ते लढवत होते. रोममधून वाहणारी टायबर नदी ज्या खोऱ्यातून खाली येते, त्याच्या वरच्या अंगाला, उंब्रिया प्रांतात, दहाव्या हिंदी डिव्हिजनने जुलै महिन्यात हे डोंगर एकेक करून घ्यायला सुरुवात केली. तीन-पाच मराठा याच डिव्हिजनमध्ये होती.

त्या भागाचे फोटो मी पाहिले आहेत. हिरव्यागार टेकड्या, ऑलिव्हची झाडे, द्राक्षाचे मळे, उंचावर दगडी घरांची लहान गावे. दिसायला अतिशय सुंदर. पण डोंगर चढणाऱ्या शिपायाला ही झाडे आणि ही घरे वेगळीच दिसत असणार. कोणत्या भिंतीआड नळी रोखलेली आहे, एवढाच त्याच्या डोळ्यांपुढचा प्रश्न.

१० जुलै १९४४, सोमवार. कोकणात ते भातलावणीचे दिवस. इकडे पळसगावच्या खाचरांतून चिखल तुडवला जात असताना तिकडे मराठ्यांच्या एका कंपनीने जर्मनांच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक घाडग्यांचे सेक्शन पुढे होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जवान पडला. कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे.

इथे थांबता आले असते. जमिनीला चिकटून पडून राहिले असते, मागून कुमक येण्याची वाट पाहिली असती, तर कुणी त्यांना बोल लावला नसता. पण त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. आपल्यासोबत यायला कुणी उरलेले नाही हे पक्के माहीत असताना ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा ठार झाला. मग टॉमी गनने त्यांनी दुसऱ्या एकाला टिपले. तोवर मॅगझिन रिकामे झाले होते. समोर अजून दोघे होते आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. घाडग्यांनी टॉमी गन नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून त्या दोघांना ठार केले. ठाणे पडले. त्याच वेळी आजूबाजूला लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. जे ठाणे त्यांनी एकट्याने जिंकले, त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

सरकारी कागदांत त्यांच्या आयुष्याची सविस्तर नोंद आहे ती एवढ्याच दोन-तीन मिनिटांची.

हे सगळे मी आपल्या मित्राला वाचून दाखवले. मॅगझिन बदलण्याच्या ठिकाणी त्याने मला थांबवले. घरात चार्जिंगची बॅटरी होती, ती त्याने बंदुकीसारखी धरली आणि मॅगझिन काढण्या-घालण्याची हालचाल करून दाखवली. आत्ता काढले, आत्ता बसवले. तीन-चार सेकंदांचे काम. ही हालचाल जवानाकडून इतक्या वेळा करून घेतात की झोपेतही हात चुकत नाही. म्हणजे घाडग्यांपाशी तेवढीही सेकंदे नव्हती, हे त्याला मला समजावून द्यायचे होते. मग त्याने बॅटरी खाली ठेवली आणि थोडा वेळ तो नुसता आपल्या हातांकडे पाहत बसला.

त्यानंतर तो जे बोलला ते मी इथे माझ्या शब्दांत लिहितो, कारण त्यावाचून हा लेख खोटा ठरेल. भाषणे करणारे लोक हा प्रसंग फार जोरात सांगतात, टाळ्याही पडतात. पण दस्त्याने माणूस मारणे म्हणजे काय असते ते मारणाऱ्यालाच माहीत. समोरचे दोघेही कुणाची तरी लेकरे होती, कुठल्या तरी गावाहून आलेली. घाडगे जगले असते तर पुढची ५० वर्षे ते कदाचित रात्री दचकून उठले असते. ते त्यांच्या वाट्याला आले नाही. शूर माणसाची आठवण काढायची तर ही बाजू गाळून काढू नये, असे आपल्या हवालदाराचे मत. मला ते पटले.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या राजपत्रात घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातले शौर्याचे हे सर्वोच्च पदक, १८५६ पासून दिले जाणारे. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा हिंदी फौजेच्या वाट्याला आले. या सहांतले दोन एकट्या मराठा पलटणीचे. दुसरे मानकरी नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. त्यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर आपल्या जखमी साथीदारांना गोळीबारातून वाचवले आणि शत्रूची ठाणी बंद पाडली. जाधव जिवंत परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांचे पदक व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीला देण्यात आले. त्या बाईंच्या हाती काय आले याचा विचार करा. ब्राँझचा एक लहानसा क्रॉस आणि गडद तांबडी फीत.

अस्थी नाहीत, समाधी नाही. घाडग्यांना ज्ञात असे थडगेच नाही. रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान कॅसिनो नावाचे गाव आहे. तिथल्या युद्धस्मशानभूमीत एक स्मारक आहे. इटलीत मेलेल्या पण ज्यांची कबर सापडत नाही, अशा ४ हजारांहून जास्त सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत यशवंत घाडगे हे एक नाव. इटलीच्या मातीत ५,७८२ हिंदी जवान कामी आले, आणि देशभरात विखुरलेल्या ४० युद्धस्मशानांत त्यांची स्मृती जपलेली आहे.

आता आपल्या शाळेत बसून एक प्रश्न विचारायलाच हवा. तो मी टाळणार नाही, कारण आपल्या इतिहासाच्या सरांनी आपल्याला प्रश्न टाळायला शिकवले नाही. घाडगे लढले कुणासाठी? ती फौज इंग्रजांची होती. १९४२ चे आंदोलन होऊन दोनच वर्षे झाली होती. गांधीजी मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटले होते. घाडगे इटलीत पडले त्याच जुलै महिन्यात आझाद हिंद सेनेचे जवान इंफाळच्या रानातून, उपाशी आणि आजारी, माघारी येत होते. दोन्हीकडे आपलीच माणसे. आणि आपले चारठाणे तर तेव्हा इंग्रजांच्याही नव्हे, निजामाच्या राज्यात होते. आपल्याकडे तिरंगा यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. आपण मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी ऐकत वाढलो. इंग्रजांचा पगार खाऊन परमुलखात मेलेल्या शिपायाचे आपल्याला काय, असे कुणी म्हटले तर त्याला मी एकदम चूक म्हणणार नाही. माणगावला असताना हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता.

पण पुढचा इतिहास वाचल्यावर मला तो अपुरा वाटू लागला. घाडग्यांची तीच तीन मराठा बटालियन युद्धानंतर छत्रीधारी झाली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरवर हल्ला झाला तेव्हा ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडमध्ये, १९४८ च्या मार्चमध्ये झांगर परत घेणाऱ्या फौजेत, ही बटालियन होती. १९५२ मध्ये तिचे नाव बदलून दोन पॅरा झाले. आणि ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलजवळ विमानांतून उतरलेली, पूल ताब्यात घेणारी आणि पाच दिवसांनी ढाक्यात पहिल्यांदा शिरणाऱ्यांत असलेली बटालियन ती हीच. स्वतंत्र देशाची फौज काही १५ ऑगस्टला आकाशातून पडली नाही. पडलेल्या साथीदारांच्या मागे एकटे उरल्यावरही काम सोडायचे नाही, ही रीत ज्यांनी घालून दिली, त्यांच्याच हातून ती पुढच्यांकडे आली. राजा कोणता असावा हे घाडग्यांच्या हाती नव्हते. आपल्या दहा माणसांना पाडणारी मशीनगन बंद करायची की नाही, एवढे मात्र त्यांच्या हाती होते.

माणगावकरांनी त्यांना विसरू दिले नाही. तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा उभा केला. जानेवारीत त्यांच्या नावाने उत्सव भरतो. माजी सैनिक येतात, मानवंदना होते आणि आसपासच्या गावांतली माणसे लेकराबाळांसह जमतात. एका शिपायाच्या नावाने जत्रा, हे आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळते. मी तिथे होतो तेव्हा एकदा या गर्दीत जाऊन उभा राहिलो होतो. फुगेवाले, भजीच्या गाड्या, आणि मधेच बिगुल. सुरुवातीला मला हे जरा विचित्र वाटले. मग लक्षात आले की गावाने त्यांना आपल्या देवांच्या रांगेत बसवले आहे, आणि आपल्याकडे देवाची आठवण जत्रेनेच काढतात.

दुसरी आठवण काढली ती इटलीने, आणि ती तब्बल ७९ वर्षांनी. टायबरच्या वरच्या खोऱ्यात, पेरुजा जिल्ह्यात मोंतोने नावाचे टेकडीवरचे लहान गाव आहे. जुलै २०२३ मध्ये तिथल्या ग्रामसंस्थेने आणि इटलीच्या युद्ध-इतिहासकारांनी घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारले. भारताच्या राजदूतांच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. हे स्मारक म्हणजे पुतळा नाही, तोफ नाही. ते सूर्यघड्याळ आहे. सूर्य सरकतो तशी सावली सरकते आणि वेळ सांगते. त्यावर लॅटिन भाषेत एक ओळ आहे. तिचा आशय असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. त्या डोंगरात मेलेले मराठे आणि मेलेले जर्मन, दोघेही त्या आशयात बसतात. आपला हवालदार मला जे सांगत होता तेच त्या गावाने दगडावर कोरून ठेवले होते.

हे सूर्यघड्याळ वाचनात आले तेव्हा मला एकदम आपले गाव आठवले. आपण हेमाडपंती देवळांच्या गावात वाढलो. बारवेच्या पायऱ्यांवर आपण अभ्यास केला, जुन्या कोरीव दगडांवर बसून चिंचा फोडल्या. आपल्या मराठवाड्यात गावाबाहेर, देवळाजवळ वीरगळ उभे असतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. त्याला शेंदूर फासलेला असतो, बायका जाता-येता हात जोडतात. त्याच्यावर काय कोरलेले असते ते मला मोठेपणी कळले. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. त्याच्याही वर तो वीर महादेवाच्या पिंडीची पूजा करताना. आणि माथ्यावर सूर्य आणि चंद्र. जोवर हे दोघे आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी आपल्या गावासाठी, आपल्या गुरांसाठी मेलेल्या पोराच्या दगडावर सूर्य कोरला. आणि परवा एका इटालियन गावाने आपल्या एका पोरासाठी सूर्याचेच स्मारक केले. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण दुःखाची रीत सारखी निघाली.

मात्र एक फरक आहे आणि तोच माझ्या मनाला लागून राहिला आहे. वीरगळातल्या वीराचा दगड आपल्यापाशी आहे, पण बहुतेकांवर नाव नाही. तो कोण होता, कुणाचा मुलगा होता, कशासाठी मेला, हे सांगणारी माणसे कधीतरी संपली. मग उरला तो शेंदूर. घाडग्यांचे उलट आहे. नाव कॅसिनोला कोरलेले आहे, पण खाली देह नाही. त्यांची गोष्ट मात्र अजून सांगता येते, कारण काठी डाव्या हातात घेऊन सॅल्यूट करणारा एखादा म्हातारा होता आणि मी त्याला विचारले. दगड, पुतळा, घड्याळ हे सगळे आपापल्या जागी उभे असते. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला ते दिसत नाही. कुणीतरी सांगावे लागते, तेव्हा ते दिसते.

म्हणून या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने माझी एक साधी सूचना आहे. आपण शाळेला पंखे देणार आहोत, संगणक देणार आहोत, ते द्यावेतच. पण त्यासोबत दरवर्षी १० जुलैला परिपाठाच्या वेळी दहा मिनिटे मागून घ्यावीत. शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार आठवडे झालेले असतात, नवे गणवेश अजून मळलेले नसतात. त्या दहा मिनिटांत मुलांना नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगावी, तीही सगळी, कुठलीही बाजू न गाळता. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कुणाची. आपल्या परभणी जिल्ह्यातूनही पुष्कळ तरुण फौजेत गेले आहेत. त्यांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकून घ्याव्यात. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या आपण सांगाव्यात.

पहिल्या वर्षी कोण बोलणार, हेही ठरले आहे. निरोप घेताना मी ही सूचना आपल्या हवालदारापुढे मांडली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, माझी मिटलेली वही उचलून माझ्या हातात दिली आणि येतो म्हणाला. स्वतःबद्दल मात्र एक शब्द बोलणार नाही, ही अट कायम. नाईक म्हणजे काय, सेक्शन म्हणजे काय, हे तो मुलांना समजावून सांगणार आहे. बाकीची गोष्ट मी सांगेन. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी त्या सकाळी चारठाण्याला यावे. मागच्या बाकावर आपल्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे.